सोमवारची चूल

राष्ट्रीय दुखवटा सरकारला जाहीर करता येतो. सुतक मात्र घराला आपले आपणच लागावे लागते. ध्वज अर्ध्यावर उतरविणे, सरकारी समारंभ रद्द करणे या गोष्टी हुकमाने होतात. डिसेंबर २०२४ मध्ये डॉ. मनमोहनसिंग निवर्तले, तेव्हा सात दिवसांचा दुखवटा रीतसर पाळला गेला. अशा प्रसंगी सुशिक्षित कुटुंबांतही पहिला प्रश्न 'उद्या कचेरीला सुटी आहे काय?' असा निघतो, हे कटू असले तरी खरे आहे. त्याचा सारा दोष लोकांच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. शोकाला आधी नाते लागते. पुढाऱ्याचे एखाद्या घराशी नाते कशाने जडते, हे पाहावयाचे तर ११ जानेवारी १९६६ च्या सकाळकडे वळले पाहिजे.

त्या सकाळी आकाशवाणीवरून लालबहादूर शास्त्री ताश्कंद येथे हृदयविकाराने गेल्याची वार्ता आली. आदल्याच दिवशी त्यांनी पाकिस्तानशी करारावर सही केली होती. संक्रांत तीन दिवसांवर येऊन ठेपली होती. मराठी घरांतून तिळगुळाची तयारी चालू असावयाचे ते दिवस. पंडित नेहरूंच्या निधनाने देश पोरका झाला असे १९६४ च्या मे महिन्यात सर्वांनी म्हटले होते, आणि ते यथार्थ होते. शास्त्रीजींना तर पंतप्रधानपद लाभले अवघे १९ महिने. नेहरूंचे तेज नाही, भव्य देहयष्टी नाही, वक्तृत्वाचा डौल नाही. तरीही त्यांच्या जाण्याने सामान्य घरांतून जी हळहळ उमटली, ती एखादा वडीलधारा गेल्यासारखी होती.

याचे कारण आमच्या मते स्वयंपाकघरात सापडते. १९६५ साली अवर्षण पडले, अमेरिकेच्या गव्हावर देशाची भिस्त होती, आणि त्यातच युद्ध पेटले. त्या वेळी शास्त्रीजींनी प्रत्येक कुटुंबाकडे आठवड्यातून एका वेळचे जेवण मागितले. सोमवारी रात्री चूल पेटवू नये, एवढीच मागणी. हे आवाहन करण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या घरी मुलाबाळांसह एक सांज उपाशी राहून पाहिले, असे त्यांच्या पुत्राने पुढे सांगितले आहे. लोकांना उपदेश करण्यापूर्वी पत्नीची संमती घेणारे पुढारी किती, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा!

महाराष्ट्रात या मागणीने एक गमतीचा पेच उभा केला. आपल्याकडे सोमवारचा उपवास जुनाच. पण तो दिवसभर करावयाचा आणि सायंकाळी शंकराला नैवेद्य दाखवून सोडावयाचा. शास्त्रीजींनी नेमके ते रात्रीचेच पान मागितले. ज्या आजीने जन्मभर सोमवार रात्री सोडला, तिने आता महादेवाचे ऐकावे की पंतप्रधानांचे? घरोघर आपापल्या परीने तोड निघाली. कोठे भाताऐवजी साबुदाण्याची खिचडी झाली, आणि उपवासाच्या नावाने चार घास अधिकच गेले असतील. मराठी उपवासाची ही खोड सर्वश्रुत आहे. या व्रताने धान्य कितीसे वाचणार, असा हिशेब मांडणारेही होते. त्यांचा हिशेब कदाचित बरोबर असेल. तथापि कोठारात किती भर पडली यापेक्षा, दहा वर्षांच्या मुलालाही आपण देशासाठी काही सोडले असे वाटू लागले, ही गोष्ट आम्ही मोठी मानतो.

ताश्कंदहून शव निघाले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रशियाचे कोसिजिन आणि पाकिस्तानचे अयूबखान होते. सप्टेंबरपर्यंत ज्यांच्या सैन्याशी आपण लढलो, त्यांनी खांदा द्यावा, हे दृश्य विलक्षणच. संरक्षणमंत्री या नात्याने यशवंतराव चव्हाण ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर होते, त्यामुळे महाराष्ट्राचाही एक माणूस त्या दुःखाच्या अगदी निकट होता. १२ जानेवारीला दिल्लीत यमुनाकाठी अंत्यविधी झाला.

मागे शास्त्रीजींचे कुटुंब उरले, आणि मोटारीसाठी बँकेकडून काढलेले ५,००० रुपयांचे कर्ज. ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. पंतप्रधानाच्या घरीही हप्ते असतात, हे मध्यमवर्गाला कळण्यास कोणा भाष्यकाराची गरज नव्हती.

करारावर सही झाली तो १० जानेवारीचा दिवस सोमवार होता. पुढला सोमवार १७ तारखेस आला. मागणारा गेला होता, नवा पंतप्रधान ठरावयाचा होता, आणि व्रत चालवा की सोडा हे सांगणारे कोणी नव्हते. काही घरांतील वडीलधाऱ्यांनी ते त्यानंतरही कित्येक वर्षे चालविले.