कुंडी मृगाआधीच बदला

केळशीत अंगणात उघड्यावर ठेवलेल्या बोन्सायला उन्हापेक्षा पावसाची भीती जास्त. बोन्सायची बरीच वेळापत्रकं जपानी पुस्तकांतून आलेली आहेत. तिथली चिंता कडाक्याच्या थंडीची. केळशीच्या दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, टोकियोच्या दुपटीहून अधिक, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून वड, पिंपळ, उंबर यांची कुंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पालवी दिसू लागली की बदलावी. कुंडी बदलताना कापलेल्या मुळांना सावरायला मग पावसाआधी दोन-तीन महिने मिळतात.

यावर कोकणी माणूस विचारेल, आमची आंब्याची कलमं पावसाळ्यातच लागतात, मग बोन्सायचे एवढे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे, पण जमिनीत पाणी खोल झिरपून जातं, कुंडीत तसं होत नाही. तळाला भोकं असली तरी बारीक मातीच्या फटी पाणी धरून ठेवतात आणि तळालगतचा थर चिंबच राहतो. माती तीच असेल तर हा थर खोल कुंडीत आणि उथळ ट्रेमध्ये सारख्याच जाडीचा असतो. खोल कुंडीत त्याचं काही वाटत नाही, पण दोन इंचांच्या ट्रेमध्ये अर्धी मुळं त्यात बुडतात. ताज्या कापांना हवा मिळाली नाही की ते कुजतात. दमट हवा वडाला मानवते, पारंब्याही सुटतात. त्यामुळे छपराखाली, पागोळ्यांपासून दूर जागा असेल तर जूनमध्ये कुंडी बदलायलाही हरकत नाही. मिश्रण मात्र कधीही भरडच हवं: जांभ्याचे किंवा विटांचे बारीक खडे, धूळ चाळून काढलेले, सोबत थोडं कुजलेलं शेणखत. केळशीची वाळूची टेकडी हाताशी आहे, पण ती वाळू बारीक आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. शिवाय डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी जिचे थर अभ्यासले, ती टेकडी कुंड्यांसाठी उकरायची नव्हे.

मुळं कापणं क्रूर आहे, असंही म्हणतात. न कापता ठेवलं तर मुळांचं जाळं कुंडी भरून टाकतं, वरून घातलेलं पाणी कडेनेच निघून जातं आणि झाड हळूहळू वाळतं. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुळं कापू नयेत, फांद्याही त्या बेताने कमी कराव्यात. उरलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे झाड सावलीत, खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.