आतड्याला सूज असताना वाइड-व्ह्यू कोलोनोस्कोपी: धोका कॅमेऱ्याचा की वेळेचा?

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्समुळे मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहिली, की तिथे कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून त्रास सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी नियमित कोलोनोस्कोपी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. पण ‘सुजलेले आतडे फाटेल’ ही भीती आड येते.

वाइड-व्ह्यू म्हणजे काय?

नेहमीच्या दुर्बिणीत समोरचे १४० ते १७० अंश दिसतात. आतड्याच्या घड्यांमागचे निसटू शकते. वाइड-व्ह्यूच्या एका प्रकारात दोन्ही बाजूंनाही भिंगे असतात, त्यामुळे सुमारे ३३० अंश दिसते. आतड्याची सूज असलेल्या ५२ रुग्णांच्या २०१७ मधील अभ्यासात नेहमीच्या दुर्बिणीतून कर्करोगपूर्व बदलांपैकी ७१ टक्के निसटले, वाइड-व्ह्यूमधून २५ टक्के. अभ्यास लहान होता. सर्वसाधारण रुग्णांवरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही.

मग धोका कशात?

भिंगे वाढली तरी नळी त्याच वाटेने जाते. आतड्याला छिद्र पडते ते नळीच्या रेट्याने, आत भरलेल्या हवेच्या ताणाने किंवा गाठ काढताना. हे क्वचित घडते, पण तीव्र सूज आणि स्टेरॉइडमुळे शक्यता वाढते. म्हणून आजार भडकलेला असताना पूर्ण कोलोनोस्कोपी शक्यतो टाळतात. गरज पडली तर शेवटचा भागच पाहून तुकडा तपासतात. कर्करोगासाठीची तपासणी सूज शांत असताना करतात. भडकलेल्या सुजेत कर्करोगपूर्व बदल ओळखणेही अवघड जाते.

घड्या सपाट करणारी टोपी दुर्बिणीच्या टोकाला लावतात, ती गोष्ट वेगळी. ती आतड्याला घासते. आतडे अरुंद झाले असेल किंवा तीव्र सूज असेल, तर ती लावायची का, हे आधी विचारा.

बजाजनगरकरांनी काय लक्षात ठेवावे?

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांनी भूल घेतल्यावर २४ तास मशीनवर उभे राहू नये, दुचाकीही चालवू नये. सोबत कुणाला तरी न्यावे. घाटीत जा किंवा खासगी दवाखान्यात, जुने रिपोर्ट दाखवा. स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. पोट साफ करायचे औषधही डॉक्टरांनी दिलेलेच घ्या.

तपासणीनंतर पोट कडक होऊन खूप दुखले, ताप आला किंवा बरेच रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.