इंधन वाचविणारे इंजिन आणि त्यासाठी लागणारे भांडवल

विहिरीवरील तेल-इंजिन शेतकरी बांधवांच्या चांगल्या परिचयाचे आहे. जेथे वीज नाही, अथवा अवेळी येते, तेथे ओलिताच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. त्यामुळे "निम्म्या तेलात चालणारे इंजिन तयार करीत आहोत, भांडवल द्या" असे कोणी सांगितल्यास मोह पडणे स्वाभाविक आहे. अशा वेळी काय पाहावे, हे डिझेल इंजिनाच्याच इतिहासावरून उत्तम समजते.

बचतीचे मूळ

जळलेल्या इंधनाची सर्व उष्णता कामी येत नाही. बरीचशी धुराबरोबर व इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. एकोणिसाव्या शतकातील चांगली बाष्पयंत्रेदेखील उष्णतेचा सुमारे दहावा भागच कामी लावीत. म्युनिक येथे शिकत असताना रूडोल्फ डिझेल (जन्म १८५८) यांच्या मनात ही गोष्ट ठसली.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो. हवा दाबली की तापते, हे त्याचे कारण होय. सिलिंडरमध्ये केवळ हवाच दट्ट्याने इतकी दाबावी की तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेटावे, अशी डिझेल यांची योजना होती. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. ते फार दाबल्यास वेळेपूर्वी पेटते. केवळ हवा दाबताना ही अडचण येत नाही. दाब जितका अधिक, तितके नंतरचे प्रसरण अधिक आणि तितकी उष्णता अधिक कामी येते.

भांडवल कसे मिळाले

ऑग्सबर्ग येथील यंत्र कारखान्याचे चालक हाइन्रिख बुझ यांनी प्रथम नकार दिला. योजनेत सुधारणा झाल्यावर मात्र ते तयार झाले. १८९३ मध्ये क्रुप हा पोलाद कारखानाही सहभागी झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या पहिल्या चाचणीत भडका उडून दाब मोजणारे उपकरण फुटले आणि इंजिन चाललेच नाही. फेब्रुवारी १८९४ मध्ये दुरुस्त केलेले इंजिन जेमतेम एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले.

अखेर फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर मोजणी केली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने २६.२ टक्के उष्णता कामी लावली. कागदावरील गणित सत्तर टक्क्यांहून अधिक सांगत होते. तरीही बाष्पयंत्राच्या दुपटीहून अधिक काम प्रत्यक्ष मोजून सिद्ध झाले, म्हणूनच इतर कारखानदार ते बनविण्याचा परवाना घेण्यास पुढे आले. मात्र शोध खरा असला तरी पैसा टिकतोच असे नाही. डिझेल स्वतः १९१३ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली असताना इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले.

पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. बचत नेमकी कोठून होते? वाया जाणारी कोणती उष्णता कामी येणार, हे साध्या भाषेत सांगता आले पाहिजे.
२. मोजणी कोणी केली? शोधकाचा स्वतःचा आकडा पुरेसा नाही. मान्य प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा.
३. मोजणी पूर्ण भारावर झाली की मोकळ्या इंजिनावर?
४. रक्कम टप्प्याटप्प्याने देता येईल काय? प्रत्येक टप्पा चाचणीशी बांधलेला असावा आणि करार लेखी असावा.

गावातील चाचणी

ग्रामसेवकांनी पुढील चाचणी शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. टाकी खुणेपर्यंत भरावी. त्याच विहिरीवर, त्याच पंपाने, पाण्याची पातळी सारखी असताना जुने व नवे इंजिन प्रत्येकी दोन तास चालवावे. २०० लिटरचे पिंप किती वेळात भरते हे पाहून एकूण पाणी काढावे. नंतर मापाने तेल ओतून पुन्हा खूण गाठावी. एक लिटर तेलात किती पाणी उपसले, ही तुलना खरी होय. केवळ तासाचे तेल मोजल्यास फसगत होते, कारण मंद चालणारे इंजिन तेल कमी पिते, पण पाणीही कमी देते.

नव्या यंत्रात पैसा घालण्यापूर्वी आपले इंजिनही तपासावे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की दाब निसटतो. हवेची गाळणी तुंबली तर काळा धूर येतो. अशा दोषांची वेळीच दुरुस्ती केल्यास होणारी बचत कोणत्याही भांडवलदाराची वाट पाहत नाही.