हिवतापाच्या डासाची जातकुळी

पावसाळ्यात राजापेठेत घरोघरी ताप सुरू झाला की पहिलं बोट नालीकडे दाखवलं जातं. नाली तुंबली, डास झाले, आता मलेरिया येणारच, हा समज अमरावतीत काय नि अकोल्यात काय, सारखाच पक्का आहे. पण तुंबलेल्या घाण पाण्यात मुख्यतः वाढतो तो क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, म्हणून नाली साफ हवीच. माणसाचा मलेरिया मात्र त्याच्यामार्फत पसरत नाही. शहरात हे काम करणारा ॲनोफिलिस स्टीफेन्साय बहुधा स्वच्छ, साचलेलं पाणी शोधतो. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, न वापरलेली विहीर, उन्हाळा सरला तरी खिडकीत पाण्यासकट राहिलेला कूलर अशा जागा त्याला चालतात. त्यामुळे नालीवर फवारणी झाली म्हणजे मलेरियाची सोय लागली, असं समजून घरचा कूलर तसाच ठेवणं धोक्याचं आहे.

एकच रक्त पिऊन एक डास रोगवाहक होतो आणि दुसरा होत नाही, असं का? मलेरिया डासांतून पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना हाच प्रश्न फार महागात पडला होता. सिकंदराबादेत त्यांनी सुमारे दोन वर्षं मलेरियाच्या रुग्णांचं रक्त डासांना पाजलं आणि ते डास चिरून पाहिले. हाती काही लागलं नाही, कारण ते डास बहुतेक क्युलेक्स आणि एडिस होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांचा ॲनोफिलिस त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आला आणि त्याच्या जठराच्या भिंतीवर जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचा जंतू क्युलेक्समध्ये वाढताना पाहिला. म्हणजे नुसता डास किंवा नुसता जंतू पाहून काही ठरत नाही. दोघांची जोडी जमावी लागते. ही जोडी जमणं आनुवंशिक आहे, याचा पुरावा अमेरिकेत क्ले हफ यांनी १९२९ च्या सुमारास दिला: क्युलेक्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड करत गेलं तर पक्ष्यांच्या मलेरियाला बळी पडण्याचं प्रमाण बदलतं.

डासाच्या पोटात शिरलेल्या जंतूला सुखाचा आसरा मिळतो, हाही एक गैरसमज. रक्त पोटात पोचल्यावर काही मिनिटांतच जंतूच्या नर-मादी पेशी तयार होतात, त्यांचा संयोग होतो आणि साधारण दिवसभरात त्यातून निघालेला सरपटता जंतू जठराची भिंत भेदू लागतो. बहुतेक इथेच संपतात. डासाच्या रक्तातलं टीईपी-१ नावाचं प्रथिन त्यांना चिकटतं आणि ते मारले जातात. काही वेळा त्यांच्याभोवती काळं मेलॅनिन साचतं. प्रयोगात या प्रथिनाचं जनुक निष्क्रिय केलं तेव्हा डासांच्या जठरावर कितीतरी जास्त गाठी वाढल्या. निसर्गात जेमतेम दोन-चार गाठी टिकतात. पण त्यातली एकसुद्धा पुरेशी ठरते, कारण दहा-बारा दिवसांनी ती फुटली की हजारो जंतू लाळग्रंथीकडे निघतात.

सगळे ॲनोफिलिस सारखेच, असंही नाही. ग्रामीण भारतात मलेरियाचा मुख्य वाहक आहे ॲनोफिलिस क्युलिसिफेसीज. धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटासारख्या भागाचा विचार करताना तो सोडून चालत नाही. हे एक नाव प्रत्यक्षात ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच जुळ्या प्रजातींचं आहे. नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत; अर्धवट पिकलेली अंडी असलेल्या मादीच्या बीजांडातल्या जाड गुणसूत्रांवरचे पट्टे पाहावे लागतात. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात व्हायवॅक्स हा मलेरियाचा जंतू असलेलं रक्त या प्रजातींना पाजलं तेव्हा ए-मध्ये जंतू चांगला वाढला, बी-मध्ये फारच थोडा. यावर रास्त आक्षेप असा की, बी इतकी निरुपद्रवी असेल तर जिथे तीच असल्याचं मानलं जात होतं त्या रामेश्वरम बेटावर मलेरिया कसा? नीट तपासल्यावर १९९९ मध्ये उत्तर मिळालं. तिथे बी-सारखेच पट्टे असलेली, पण नराच्या वाय गुणसूत्राचा आकार वेगळा असलेली ई प्रजाती होती, आणि रोग तीच पसरवत होती. आक्षेपाने सिद्धान्त पडला नाही, उलट अधिक नेमका झाला. म्हणून सर्वेक्षणात ‘क्युलिसिफेसीज इतके सापडले’ एवढीच नोंद मला अपुरी वाटते.

मग जंतूला दाद न देणारे डास पैदा करून सोडले की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण जंतूलाही जनुकं आहेत. १९८६ मध्ये फ्रँक कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ॲनोफिलिस गॅम्बीचा असा वाण निवडून काढला, जो माकडाच्या मलेरियाचा जंतू मेलॅनिनमध्ये गाडून टाकी. माणसाच्या मलेरियाचा जंतू फाल्सिपेरम, त्याचा अमेरिका खंडातला वाणही त्याने असाच गाडला. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमपुढे मात्र त्याचं फारसं चाललं नाही. ज्या जंतूशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली, त्याने या डासाला चकवायला शिकून घेतलं होतं. ते कसं, याचा एक धागा २०१३ मध्ये हाती आला: पीएफएस-४७ या जनुकाचं योग्य रूप असलेला फाल्सिपेरम डासाच्या प्रतिकारयंत्रणेला दिसतच नाही.

कीटकनाशकाला न जुमानणारा डास आणि जंतूला न जुमानणारा डास यांचीही बोलताना गल्लत होते. पहिला प्रतिकार डासाला वाचवतो, दुसरा माणसाला. दोन्हींची जनुकं सामान्यतः वेगळी. एकाच डासात दोन्ही असू शकतात किंवा एकही नसेल. दुसरा प्रतिकार घडवताही येतो: आपल्या टाक्यांतल्या स्टीफेन्सायवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डासाच्या एफआरईपी-१ प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं, तर जंतूची लाळग्रंथीकडची वाट बरीचशी बंद झाली, आणि हा बदल पुढच्या पिढ्यांत वेगाने पसरवताही आला. पण ते डास प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात होते. उघड्यावर जंतू या बदलावर मात करणारं रूप घेईल का, आणि सोडलेले डास परत घेता येणार नसतील तर ते सोडायचे की नाही हे कुणी ठरवायचं, या प्रश्नांची उत्तरं पिंजऱ्यातून मिळत नाहीत.