डहाणू-तलासरीचे भूकंप आणि एकमेकांशी बोलणारं सॉफ्टवेअर

आजचा विषय महासंगणकावरच्या सॉफ्टवेअरचा आहे, पण सुरुवात पालघर जिल्ह्यातून करू या.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असं इथे झालं नाही. हजारो लहान धक्के, महिनोन्‌महिने. भूकंप उथळ, त्यामुळे जमिनीतून आवाजही यायचे. लोक थंडीत तंबूंत झोपले. त्यांचे प्रश्न साधे होते : हे नेमकं कुठे होतंय आणि कशामुळे?

आधी ‘कुठे’ बघू. भूकंपाची प्राथमिक लहर आधी पोचते, दुय्यम लहर मागून येते. दोन्हींत एका सेकंदाचा फरक असेल, तर भूकंप साधारण 8 किलोमीटरवर झाला. अशी अंतरं अनेक भूकंपमापकांवरून काढली की जागा सापडते. अधिक नेमकी जागा हवी असेल तर प्रत्येक धक्क्याची इतर धक्क्यांशी तुलना करतात. समजा 10,000 धक्के आहेत. त्यांच्या जवळपास 5 कोटी जोड्या होतात, त्याही एकाच भूकंपमापकासाठी. 20 भूकंपमापक असले तर 100 कोटी. म्हणून हे काम शेकडो प्रोसेसरांत वाटून देतात.

अशी यंत्रं आपल्याकडे आहेत. पुण्याच्या सी-डॅकनं 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा केला. आज पुण्यातच, आयसरमध्ये, ‘परम ब्रह्म’ आहे. पण यंत्र वेगवान असलं म्हणून उत्तर बरोबर येईलच असं नाही. कसं ते ‘कशामुळे’ या प्रश्नावरून कळेल.

पावसाचं पाणी मुरून भूकंप होत असतील का, हे तपासायचं आहे. एका फाइलीत पाऊस, दुसरीत भूकंप. तारखा जुळवल्या की झालं, असं वाटतं ना? आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. 1 जुलैला सकाळी 10 वाजता जोरदार पाऊस पडला. त्याच रात्री, म्हणजे 2 जुलैच्या पहाटे 2 वाजता, तलासरीत धक्का बसला. भूकंपाची नोंद जागतिक वेळेत होते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणून तिथे तारीख पडते 1 जुलै. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आदल्या दिवशी 10 वाजताचा पाऊस 2 जुलैच्या नावावर जातो. फाइली तशाच जोडल्या तर भूकंप आधी आणि पाऊस नंतर! एकही प्रोग्राम बंद पडला नाही, कुठेही चूक दाखवली गेली नाही, आणि निष्कर्ष मात्र उलटा.

आंतरकार्यक्षमता म्हणजे नुसती फाइल उघडता येणं नव्हे. आकड्यासोबत त्याचा अर्थही पोचला पाहिजे : कोणती वेळ, कोणतं एकक, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत.

तीच गोष्ट प्रोसेसरांच्या आपसातल्या बोलण्याची. ते एमपीआय या प्रमाणित पद्धतीनं एकमेकांना निरोप पाठवतात. दोन लायब्ररींनी एकाच वाहिनीवर, एकाच क्रमांकाचे निरोप सोडले तर एकीचा निरोप दुसरी उचलते. पेट्सी, ट्रिलिनोस, हायपर अशा गणिती लायब्ररी एकत्र वापरता याव्यात म्हणून अमेरिकेत एक्सएसडीके नावाचा उपक्रम आहे. त्यांनी यासाठी लेखी नियमच केले. वापरणारा देईल तीच वाहिनी वापरायची. स्वतःच्या फंक्शनांची नावं दुसऱ्यांच्या नावांशी टकरू द्यायची नाहीत. पडद्यावर उमटणारे संदेश बंद करायची सोय ठेवायची. आपली आवृत्ती विचारली की सांगायची. नियम साधे आहेत, पण ते आधी ठरले नसतील तर संशोधकाचे महिने नुसत्या जोडाजोडीत जातात.

पुढचा धक्का कधी बसेल, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. पण धक्के कोणत्या भेगेवर रांगेनं बसतायत हे नीट कळलं, तर कोणत्या पाड्यांतली घरं आधी मजबूत करायची हे ठरवायला मदत होते. तिथे अर्ध्या किलोमीटरची चूकही महागात पडू शकते. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जाते; म्हणजे तेवढी चूक व्हायला घड्याळातला सेकंदाच्या दहाव्या भागाचा घोळही पुरतो.

तेव्हा आपल्यापैकी जे प्रोग्राम लिहितात त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच पाहा : तुमच्या फाइलीत तारखेच्या रकान्यावर वेळ कुठली, हे लिहिलंय का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.