भाव उघड सांगणारा लेख

डिजिटल मार्केटिंगमध्ये इंटर्न म्हणून लागलेल्या मुलांना वाटतं, रोज पोस्ट टाकणं हेच काम. खरं काम त्याआधीचं आहे: ग्राहक काय विचारतो ते नीट ऐकणं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या ‘रिव्हर पूल्स’ कंपनीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २००८च्या मंदीने तिचं कंबरडं मोडलं. तेव्हा भागीदार मार्कस शेरिडन यांनी ग्राहकांच्या एकेका प्रश्नाला ब्लॉगवर उत्तर द्यायला सुरुवात केली. फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती, त्यात अडचणी कोणत्या, आसपास चांगलं काम करणारे आणखी कोण... स्पर्धकांची नावंसुद्धा दिली! या धंद्यात तेव्हा भाव सहसा कुणी उघड लिहीत नसे. त्यामुळे गूगलवर किंमत शोधणाऱ्याला हेच पान सापडू लागलं आणि कंपनी तगली. असा प्रामाणिकपणा जाहिरातीच्या पैशांनी विकत मिळत नाही.

सोशल मीडियावरची पोस्ट लवकर मागे पडते. चांगला लेख मात्र वर्षानुवर्षं शोधात येत राहतो. म्हणून पोस्टमधून वाचकाला लेखाकडे आणायचं.

तो आला कुठून, हे कळण्यासाठी लिंकच्या शेवटी ‘यूटीएम’ ही खूण जोडतात. फेसबुकला एक, व्हॉट्सॲपला दुसरी. ही पद्धत अर्चिन कंपनीची. तिला गूगलने २००५मध्ये विकत घेतलं आणि तिच्यातूनच ‘गूगल ॲनालिटिक्स’ उभं राहिलं. इंटर्नने लाइक मोजण्यात वेळ घालवू नये. कोणत्या खुणेवरून आलेल्या किती वाचकांनी पुढे चौकशी केली, ते पाहावं.