‘एवढं काय झालंय?’

जॉब मिळाला, पगार वाढला, शहर बदललं... आणि रात्री दोनला डोळे टक्क उघडे! जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही, फोनवर आईचा आवाज ऐकला की गळा दाटून येतो. घरच्यांचा प्रश्न ठरलेला, ‘एवढं काय झालंय?’

लातूर-नांदेडकडे हा प्रश्न साहजिकच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, अख्खी गावं नव्या जागी वसवावी लागली. ते सोसलेल्या पिढीला बदली, हॉस्टेल, ब्रेकअप किरकोळच वाटणार. पण मनाचे धक्के रिश्टर स्केलवर मोजता येत नाहीत!

नेमकं होतं काय?

डॉक्टर याला अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात. बदलानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत त्रास सुरू होतो आणि ताण संपला की सहसा सहा महिन्यांत ओसरतो. बदल वाईटच असावा असं नाही. लग्न, बाळ, प्रमोशनही पुरतं. घरची आठवण सगळ्यांनाच येते. इथे मात्र काम, अभ्यास, नाती बिघडायला लागतात.

‘लातूर पॅटर्न’साठी दहावीनंतर रूम करून राहणाऱ्या मुलांचं हे होऊ शकतं, तसंच नोकरदारांचंही. माझी नांदेडची एक मैत्रीण पुण्यात नोकरीला लागली. तीन महिने ती कुणाला काही बोलली नाही. का? ‘अगं, सगळ्यांनी पेढे खाल्ले होते ना!’

उपाय आहे!

शेवटी ती काउन्सेलरकडे गेली. तिथे काय करतात, मी विचारलं. ‘नेमकं काय खुपतंय ते मांडलं, त्यातलं माझ्या हातात काय ते ठरवलं. झोपेची वेळ, रोज चालणं, आठवड्यातून एकदा कुणाला तरी भेटणं.’ मुख्य उपचार हाच, बोलण्याचा. बहुतेकांना थोड्याच भेटी पुरतात. गरज पडली तर डॉक्टर थोडे दिवस औषध देतात. मनानं झोपेच्या गोळ्या घेऊ नका, दारूचा आधार तर नकोच.

कधी थांबायचं नाही?

उदासी हटतच नसेल तर ते डिप्रेशनही असू शकतं, तपासून घ्या. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी मदत घ्या. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. लातूर आणि नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढायला लाज कसली?